विश्लेषण : ईसीजीवरचा आकडा हाताने मोजलेला बरा की मशिनचा? उत्तर १३० वर्षांपूर्वीच्या एका डच प्राध्यापकाच्या वहीत

साताऱ्यातील दहिवडी असो की सांगलीतील जत, छातीत दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाचा कार्डिओग्राम काढला, की काही मिनिटांत गुलाबी चौकटींची पट्टी हातात येते. पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात मशिनने मोजलेले आकडे असतात : ठोक्यांचा वेग, पीआर, क्यूआरएस, क्यूटी. त्याखाली मशिनचाच निष्कर्ष, आणि बहुतेक वेळा हा निष्कर्ष डॉक्टरांनी अजून तपासलेला नाही अशी इंग्रजीतली बारीक ओळ. नातेवाईक पट्टीचा फोटो काढतात आणि कराडच्या किंवा मिरजेच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पलीकडचे डॉक्टर मात्र वरच्या आकड्यांवर थांबत नाहीत. फोटो मोठा करतात आणि चौकटी मोजू लागतात.

मशिनने मोजून दिलेले असताना डॉक्टर पुन्हा का मोजतात? जतहून मिरज गाठायला दीड-दोन तास लागतात. रुग्णाला हलवायचे की नाही, हे अनेकदा या पट्टीवर ठरते. त्यामुळे हा प्रश्न फक्त अभ्यासकांचा नाही. त्याचे उत्तर शोधताना आधी विलेम आइंथोव्हेन यांच्याकडे जावे लागते. ईसीजीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण मशिन बनवण्याआधी कित्येक वर्षे त्यांनी हेच काम पट्टी आणि पेन्सिलने केले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

आइंथोव्हेन कोण होते?

जन्म २१ मे १८६० चा, आजच्या इंडोनेशियातील जावा बेटावरच्या सेमारांगचा. तेव्हा तो भाग डचांच्या ताब्यात होता. वडील लष्करी डॉक्टर. विलेम सहा वर्षांचे असताना वडील गेले. आईने १८७० मध्ये सहा मुलांना घेऊन हॉलंड गाठले आणि कुटुंब उट्रेख्ट शहरात स्थिरावले.

घरची परिस्थिती बेताची, म्हणून विलेम यांनी लष्कराच्या शिष्यवृत्तीवर वैद्यकीय शिक्षण घेतले. त्याची अट अशी होती की शिक्षण संपले की वडिलांप्रमाणेच लष्करी डॉक्टर म्हणून पुन्हा पूर्वेकडे जायचे. ते झाले नाही. १८८५ मध्ये लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली. वय २५. पुढची ४१ वर्षे, शेवटपर्यंत, ते त्याच पदावर राहिले.

त्यांचा कल पहिल्यापासून भौतिकशास्त्राकडे होता. विद्यार्थी असताना खेळात मनगट मोडले, तर सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी हाताच्या सांध्याच्या हालचालीवरच अभ्यास केला. डॉक्टरेटचा विषय होता रंगांमधील फरकामुळे डोळ्याला होणारा खोलीचा भास.

हृदयाची वीज आधी कोणी पाहिली?

हा मान ऑगस्टस वॉलर यांचा. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्यांनी माणसाच्या हृदयातली वीज त्वचेवरून, छाती न उघडता नोंदवली. वॉलर प्रात्यक्षिकासाठी आपला पाळलेला बुलडॉग जिमी यालाही उभे करत. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवले जात. पुढे यावरून ब्रिटिश संसदेत प्राण्यांच्या छळाचा प्रश्नही विचारला गेला होता.

१८८९ मध्ये बाझेल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आइंथोव्हेन यांनी वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहिले. वॉलर यांना त्या नोंदीचा रुग्णांसाठी फारसा उपयोग होईल असे सुरुवातीला वाटत नव्हते. आइंथोव्हेन यांना वाटले. मात्र त्यांच्यासमोर अडचण होती ती यंत्राची.

पारा मागे का पडत होता?

वॉलर वापरत ते यंत्र म्हणजे गाब्रिएल लिपमन यांचा कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर. केसासारखी बारीक काचनळी, तिच्यात पारा, त्यावर सौम्य गंधकाम्ल. विजेचा दाब बदलला की पाऱ्याची कड वर-खाली होते. तिच्यावर प्रकाश सोडायचा आणि सरकत्या फोटोच्या काचेवर तिची सावली टिपायची. काच धुतली की त्यावर हृदयाचा आलेख.

आलेख यायचा, पण तो खरा नसायचा. पारा जड असतो आणि नळीत घर्षणही असते. हृदयाचा विजेचा झटका सेकंदाच्या शंभराव्या भागात बदलतो, तेवढ्यात पारा जेमतेम हलायला लागलेला असतो. त्यामुळे टोकदार शिखरे बोथट होत आणि एकमेकांजवळच्या दोन लाटा एकीत मिसळून जात.

तापाच्या थर्मामीटरशी याची तुलना करता येईल. काखेत ठेवल्या ठेवल्या काढला तर तो ९७ दाखवतो, ताप १०२ असला तरी. पण पारा किती वेगाने चढतो आहे हे नीट पाहिले, तर तो कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज येतो. वेग जास्त म्हणजे अजून बरेच चढायचे आहे. आइंथोव्हेन यांनी नेमके हेच गणितात बसवले. कोणत्याही क्षणी पाऱ्याची कड जिथे आहे ती उंची, अधिक त्या क्षणी ती ज्या वेगाने सरकते आहे त्याला यंत्राच्या एका स्थिरांकाने गुणून येणारा आकडा. दोन्हींची बेरीज म्हणजे विजेचा खरा दाब. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जे समीकरण शिकवतात, ते हेच.

सांगायला सोपे, करायला जिकिरीचे. वेग काढायचा म्हणजे फोटोतल्या वक्ररेषेवर एकेका बिंदूपाशी स्पर्शिका काढायची, तिचा उतार मोजायचा, गुणाकार करायचा, उंचीत मिळवायचा आणि नव्या कागदावर नवा बिंदू मांडायचा. एका ठोक्यासाठी असे कितीतरी बिंदू. स्पर्शिका किंचित वाकडी पडली तरी उत्तर हलते.

त्यात लायडनच्या प्रयोगशाळेसमोरचा रस्ता. घोडागाडी गेली की जमीन हादरे आणि पाऱ्याची कडही. जमीन खणून दगडांचा भक्कम पाया घालूनही तो त्रास पूर्ण गेला नाही, असे सांगतात.

१८९५ मध्ये त्यांनी या पद्धतीने काढलेला माणसाच्या ईसीजीचा दुरुस्त आलेख प्रसिद्ध केला. (आपल्याकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले ते १८९४ मध्ये. म्हणजे हा साधारण तोच काळ.) यंत्राने थेट दिलेल्या आलेखावरील लाटांना ए, बी, सी, डी अशी नावे होती. दुरुस्त आलेख त्याहून वेगळा असल्याने घोळ होऊ नये म्हणून आइंथोव्हेन यांनी नव्या लाटांसाठी पुढची अक्षरे घेतली : पी, क्यू, आर, एस, टी.

आज दहिवडीत निघणाऱ्या पट्टीवरही हीच नावे आहेत. अर्थात ही अक्षरे कोणत्याही यंत्राने टिपलेल्या लाटांची नव्हती. हाताने मोजून, गणित करून काढलेल्या लाटांची ती नावे होती. त्या आकाराच्या लाटा तोवर कोणत्याही यंत्राने थेट दाखवल्या नव्हत्या.

मग मशिन का बनवले?

कारण हे गणित रोजच्या रुग्णांसाठी करणे अशक्य होते. आइंथोव्हेन यांना असे यंत्र हवे होते, जे इतके हलके आणि चपळ असेल की दुरुस्तीच करावी लागणार नाही.

१९०१ मध्ये त्यांनी स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटरचे वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केले आणि १९०३ मध्ये माणसाच्या नोंदींसह सविस्तर मांडले. कल्पना अशी की एका प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अतिशय बारीक तार ताणून ठेवायची. हृदयाची वीज तिच्यातून गेली की तार बाजूला सरकते. सूक्ष्मदर्शकाने तिची हालचाल सुमारे सहाशे पट मोठी करून फोटोच्या काचेवर टिपायची.

ही तार चांदीचा पातळ थर दिलेल्या क्वार्ट्झची होती. जाडी दोन-तीन मायक्रोमीटर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही कमी. ती बनवायची रीत तर वाचूनही खरी वाटत नाही. क्वार्ट्झ वितळवायचा, त्याला बाण चिकटवायचा आणि धनुष्याने तो बाण सोडायचा. मागे जो धागा ओढला जाई, तो वेचून घ्यायचा.

तार सूक्ष्म असली तरी यंत्र अवाढव्य होते. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे आणि चुंबक तापू नये म्हणून सतत वाहते पाणी. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. आज हातापायांना लावायचे लाल, पिवळे आणि हिरवे चिमटे म्हणजे तीच तीन भांडी. काळा चिमटा नंतरचा.

दोन आलेख शेजारी ठेवल्यावर काय दिसले?

नवे यंत्र हाती आले तेव्हा आइंथोव्हेन यांच्याकडे आधी हाताने दुरुस्त केलेले आलेख तयार होते. त्यांनी नव्या तारेने टिपलेले आलेख त्यांच्याशी ताडून पाहिले. आकार जुळले. पी तिथेच होती, आर तितकीच टोकदार होती, टी तशीच पसरट. आठ वर्षांपूर्वी कागदावर काढलेल्या लाटा आता यंत्र आपणहून काढत होते.

ईसीजीच्या इतिहासात हाताने मोजलेले आणि यंत्राने दिलेले यांची ही पहिली मोठी तुलना म्हणता येईल. यात कोण कोणाची परीक्षा घेत होते, हे सांगणे अवघड आहे. यंत्रामुळे गणित बरोबर ठरले आणि गणितामुळे यंत्रावर विश्वास बसला. आधीची ती कंटाळवाणी मोजदाद नसती, तर नव्या यंत्राची लाट खरी आहे की तारेचे स्वतःचे थरथरणे, हे ठरवायला हाताशी काहीच नव्हते.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आलेखाची मापे कायमची ठरवून दिली. आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद, उभा एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. कागद सरकण्याचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर. शंभरहून अधिक वर्षांनी हेच माप चालू आहे. म्हणूनच मिरजेतला डॉक्टर जतमधल्या पट्टीच्या फोटोवरून चौकटी मोजू शकतो. दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकटींनी ३०० ला भागले की मिनिटाचे ठोके येतात. चार चौकटी असतील तर ७५.

दूरवरच्या रुग्णाचा ईसीजी तेव्हाही काढला जात असे?

होय, आणि तोही आइंथोव्हेन यांनीच काढला. एवढे धूड रुग्णालयात नेणे शक्य नव्हते आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणे धोक्याचे. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालय आणि प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडली. अंतर सुमारे दीड किलोमीटर. रुग्ण तिकडे, आलेख इकडे. १९०६ मध्ये या प्रयोगावर त्यांचा लेख आला. ठोके चुकणे, हृदयातील विजेचा मार्ग अडणे, कप्प्यांची जाडी वाढणे यांचे आलेख त्यामुळे जमू लागले. आज गावातली पट्टी क्लाऊडवर चढून शहरातल्या डॉक्टरांच्या मोबाइलवर उतरते, त्याचा हा पणजोबाच.

त्रिकोणाचे काय?

उजवा हात, डावा हात आणि डावा पाय हे एका समभुज त्रिकोणाचे तीन कोपरे आणि मधोमध हृदय, अशी मांडणी आइंथोव्हेन यांनी १९१२-१३ च्या सुमारास केली. त्यातून एक साधा नियम निघतो : पहिल्या आणि तिसऱ्या लीडची बेरीज म्हणजे दुसरी लीड.

हा नियम आजच्या मशिनच्या पोटात आहे. पट्टीवर बारा रेषा दिसतात, पण आधुनिक मशिन त्यातल्या आठच खरोखर मोजते. उरलेल्या चार ती बेरीज-वजाबाकीने काढते.

लाल आणि पिवळा चिमटा घाईत अदलाबदल झाला तर पहिली लीड उलटी पडते, आणि मशिन त्या उलट्या रेषेचेच अचूक मोजमाप करून निष्कर्ष छापते. मोजणीत चूक नसते. चूक मोजायच्या गोष्टीत असते. उघड्या डोळ्यांनी पट्टी पाहणारा तंत्रज्ञ मात्र ती लगेच ओळखतो आणि चिमटे बदलून पुन्हा पट्टी काढतो.

शेवटची वर्षे

यंत्राचे उत्पादन आधी म्युनिकमध्ये आणि मग इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या कंपनीत सुरू झाले. ही कंपनी चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस यांची. लंडनच्या थॉमस लुईस यांनी हे यंत्र वापरून हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे शास्त्रच उभे केले.

१९२४ चे नोबेल पारितोषिक आइंथोव्हेन यांना जाहीर झाले तेव्हा ते अमेरिकेत व्याख्याने देत फिरत होते. त्यांच्याबद्दल एक हकीकत नेहमी सांगितली जाते. यंत्र घडवताना साथ देणारा प्रयोगशाळेतला जुना मदतनीस तोवर हयात नव्हता. आइंथोव्हेन यांनी त्याच्या दोन बहिणींचा शोध घेतला. त्या गरिबीत दिवस काढत होत्या. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्या बहिणींना दिला. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये कर्करोगाने आइंथोव्हेन यांचे निधन झाले.

आजचे मशिन हाताच्या बरोबरीला आले का?

संगणकाकडून ईसीजी मोजून घेण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ह्युबर्ट पिपबर्गर यांनी सुरू केले. ही मोजणी किती भरवशाची, याची मोठी परीक्षा युरोपात झाली आणि निकाल १९९१ मध्ये आला. १,२२० ईसीजी, नऊ संगणक प्रणाली आणि आठ हृदयरोगतज्ज्ञ. अचूक निदानाचे मध्यम प्रमाण प्रणालींचे ६९.७ टक्के, तज्ज्ञांचे ७६.३ टक्के. तज्ज्ञ पुढे होते, पण शंभर टक्क्यांच्या जवळ तेही नव्हते. त्यानंतर तीन दशकांत प्रणाली बऱ्याच सुधारल्या आहेत. एक गोष्ट मात्र तशीच आहे : मशिनची परीक्षा घ्यायची तर आधी कोणीतरी माणसांनी बसून लाटांच्या कडा हाताने खुणावून द्याव्या लागतात.

ठोक्यांचा वेग, क्यूआरएसची रुंदी यांत स्वच्छ पट्टीवर मशिन माणसापेक्षा वेगवान आणि सातत्यपूर्ण आहे. ते दमत नाही, दहाव्या पट्टीला कंटाळत नाही. गडबड होते ती रुग्णाचा हात थरथरत असेल, दवाखान्याचे अर्थिंग खराब असेल, ठोके अनियमित असतील तेव्हा. आणि सर्वांत जास्त क्यूटीमध्ये.

क्यूटीवर एवढा वाद का?

क्यूटी म्हणजे क्यूच्या सुरुवातीपासून टी लाट संपेपर्यंतचा वेळ. तो फार लांबला तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. काही औषधांनी तो लांबतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन हे त्यातले एक. त्यामुळे अशा रुग्णांचा ईसीजी वारंवार काढावा लागतो, आणि औषध चालू ठेवायचे की थांबवायचे यात या एका आकड्याचे वजन मोठे असते.

पण टी लाट संपते कुठे? ती डोंगराच्या पायथ्यासारखी हळूहळू सपाट होते, नेमकी कड नसते. हाताने मोजणारे डॉक्टर टी लाटेच्या उतरत्या बाजूला स्पर्शिका काढतात आणि ती तळरेषेला छेदते तिथे टी संपली असे धरतात. ही रीत १९५२ पासूनची. (आइंथोव्हेन यांना ती ओळखीची वाटली असती.) मशिन सर्व रेषा एकावर एक ठेवून कुठल्याही रेषेतली सर्वांत आधीची सुरुवात आणि सर्वांत उशिराचा शेवट धरते. त्यामुळे एकाच रेषेवर हाताने मोजलेल्यापेक्षा मशिनचा आकडा सहसा थोडा जास्त येतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पुढे ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्ती करावी लागते. त्याची दोन प्रसिद्ध सूत्रे, बॅझेट आणि फ्रिडरिशिया यांची, दोन्ही १९२० मधली. एका बाईंचा क्यूटी ३६० मिलिसेकंद आणि ठोके मिनिटाला १०० आहेत असे धरू. बॅझेट सूत्राने दुरुस्त क्यूटी ४६५ येतो, फ्रिडरिशियाने ४२७. स्त्रियांसाठी साधारण ४६० ही मर्यादा मानली जाते. पट्टी तीच, रुग्ण तीच, पण एका सूत्राने मर्यादा ओलांडली आणि दुसऱ्याने नाही. बऱ्याच मशिनमध्ये आधीपासून बॅझेट सूत्रच बसवलेले असते, आणि ठोके जलद असताना ते आकडा फुगवून दाखवते. ताप असलेल्या किंवा घाबरलेल्या रुग्णाचे ठोके जलदच असतात. म्हणून क्यूटी जास्त आला की अनेक डॉक्टर रुग्णाला थोडा वेळ पडून राहायला सांगतात, पट्टी पुन्हा काढतात आणि दुसऱ्या लीडवर स्वतः स्पर्शिका टाकून पाहतात. अशा वेळी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत असतील, तर त्यांचे काम बरेच सोपे होते.